विचारलं तेवढंच

“नाव?”

“लच्छू येर्रा मडावी,” मी म्हणाले. हातात पळी होती आणि चुलीवर भात.

“वय?”

“असेल चाळीस.”

“असेल म्हणजे? अंदाज मागितला नाही.”

“माहीत नाही.”

“हां. धंदा?”

“दोन बैल, एक बायको.”

आमची शरयू तोंडावर हात ठेवून हसली. ती तेव्हा आठ वर्षांची होती. ह्यांनी तिच्याकडे डोळे वटारले, पण मिशीआड त्यांनाही हसू फुटलं होतं.

“साक्षीदार, विनोद करू नका. कोर्टात विनोद फक्त साहेबांनी करायचा असतो. भांडण झालं तेव्हा कुठं होता?”

“विहिरीपाशी.”

“तिथून बांध दिसतो?”

“दिसतो. मधे एक मोहाचं झाड आहे.”

“झाडाचं कुणी विचारलं?”

मी जीभ चावली. ह्यांनी पेन्सिल कानाला लावली आणि म्हणाले, “आता समोरचा वकील त्या झाडावर चढून बसेल आणि दिवसभर उतरणार नाही.”

माझे यजमान, त्र्यंबकराव वैरागडकर, चांदा जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला वकिली करत. पलीकडे नदी आणि नदीपलीकडे दुसरं राज्य. तिथं कोर्टाची इमारत नव्हती. नद्यांचं पाणी उतरलं की कोर्टच दौऱ्यावर निघे. साहेबांचे तंबू, कारकुनाच्या पेट्या, चपराशी, आणि त्यांच्या मागून आमचा छकडा. छकड्यात हे, मी, शरयू, कायद्याच्या पुस्तकांची ट्रंक आणि भांडी. कार्तिकात घराला कुलूप लागे ते होळीला उघडे. पक्षकार दोन-दोन दिवस पायी चालत येत, त्यांची जेवणंही आमच्याच चुलीवर होत.

ह्यांना हाताखाली कुणी वकील नव्हता. उद्याच्या साक्षीची तयारी करायची ती माझ्यावर. मला अक्षर येत नव्हतं. माहेरी शाळा नव्हती आणि सासरी वेळ नव्हता. हे म्हणत, “तेच बरं आहे. माझे साक्षीदारही तुझ्यासारखेच. तुला कळला तो प्रश्न त्यांनाही कळेल.” तेव्हा मी कोतवाल झाले आहे, चोर झाले आहे, चोराची आईही झाले आहे. एकदा तर एका म्हशीच्या खटल्यात मालकाचं उत्तर आवडलं नाही म्हणून शरयूनं म्हशीचीही साक्ष दिली होती.

ह्यांनी मला घालून दिलेले नियम साधे होते. विचारलं तेवढंच सांगायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. आणि सगळ्यात शेवटी साहेब विचारतील, ‘आणखी काही सांगायचं आहे?’ त्यावर ‘नाही’ म्हणून खाली उतरायचं. “सगळी उत्तरं नीट देणारा माणूस तिथं घसरतो,” हे म्हणत. “तिथं तो सासूची गोष्ट काढतो आणि खटला घालवतो.”

म्हणून रोजची तालीम एकाच तऱ्हेनं संपे.

“आणखी काही सांगायचं आहे?”

“नाही!” मी आणि शरयू एका सुरात ओरडत असू. मग मी पानं वाढायला घेई.

त्या वर्षी मुरपल्लीला आमराईत कोर्ट लागलं होतं. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. ह्यांच्याकडं राजक्काचं काम होतं. राजक्का तिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. पहिला नवरा वारल्यावर पोचम नावाच्या माणसानं तिच्याशी पाट लावला होता. नऊ वर्षं दोघांनी मिळून नाल्याकाठचं चार एकर धान पिकवलं. पोचम तापानं गेला, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ मल्लया शेतात नांगर घेऊन उभा राहिला. त्याचं म्हणणं, पाट झालाच नाही. ही बाई कामाला ठेवली होती. कामवाली वारस होत नसते.

“पाटाले किती माणसं होती?” ह्यांनी तिला विचारलं. पक्षकारांशी ते त्यांच्याच बोलीत बोलत.

“पाच होती जी. पाटाले मानसं कमीच रायतात. तिघं मेली. एक ह्यो मल्लयाच.”

“आणि पाचवा?”

“डोबी तलांडी. टेकल्या गावचा म्हातारा. लग्नाकार्यात ढोल वाजवते. त्यानंच पत्रावळी लावल्या होत्या.”

ह्यांनी कपाळाला हात लावला. डोबी तलांडीचं नाव मल्लयाच्या साक्षीदारांत होतं. मल्लयाचे वकील पुंडलिकराव मामीडवार यांनी त्याला आधीच आपल्या यादीत घालून ठेवला होता.

“फितला का तो?” मी विचारलं.

“देव जाणे. पण माझ्याकडं तेवढाच एक दोर आहे. त्यांचा साक्षीदार, त्याला मी उलट प्रश्न विचारून बघणार. खरं बोलला तर शेत राहिलं. नाही बोलला तर गेलं.”

राजक्का उठून माझ्याबरोबर अंबाडी निवडायला बसली. एक तासानं तिनं एवढंच विचारलं, “बाई, शेत गेलं तर मी कोनाच्या घरी जाऊ?” मी म्हणाले, “जाणार नाही.” नियमाप्रमाणं मी ‘माहीत नाही’ म्हणायला हवं होतं.

आमच्या चुलीचाही एक नियम होता. समोरच्या बाजूचा साक्षीदार आमच्याकडं जेवणार नाही. त्या भागात ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध माणूस बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळं तसं कुणी जेवलं तर वकिलानं साक्षीदार फोडला असाच अर्थ निघे. म्हणून पान वाढण्याआधी मी प्रत्येकाला नाव विचारावं असं ह्यांनी सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे साहेबांच्या तंबूकडं गेले होते. राजक्का शरयूला घेऊन नाल्यावर कपडे धुवायला गेली होती. एक म्हातारा आला आणि लांब, दुसऱ्या झाडाखाली बसला. चालून चालून त्याच्या टाचा फुटल्या होत्या. आमच्याकडं न बघण्याचा तो इतका प्रयत्न करत होता, की त्याला किती भूक लागली आहे ते मला लांबूनच कळलं.

माझी आई दारात आलेल्याला हात धुवून पानावर बसेपर्यंत नाव विचारत नसे. नाव सांगितल्यावर जात कळते, जात कळली की हात आखडतो, असं ती म्हणे. ते माझ्या हाडात मुरलं होतं. मी त्याला हाक मारली.

“कुणाकडं आलात?”

“सायबानं बलावलं, माय.”

साहेबांनी तर सगळ्यांनाच बोलावलं होतं. मी भात वाढला, अंबाडीची भाजी वाढली, वर जवसाची चटणी. त्यानं पहिला घास घेतला आणि हात थांबवून पानाकडं बघत राहिला.

“खारट झाली का?”

“नाई माय. अशीच अंबाडी पोचमच्या पाटात होती. कण्या घातलेली. राजक्कानं सोताच केली होती. नवरी सैपाक करते म्हून आम्ही हसलो.” त्यानं आणखी एक घास घेतला. “मल्लयाबी होता. त्यानं तीनदा मागून घेतली.”

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

“तुम्ही डोबी तलांडी?”

“हव.”

“मग उद्या काय सांगणार?”

“ते इचारतीन ते सांगीन. मल्लया म्हनते, ढोलाचंच इचारतीन. ढोल तं मी नाई वाजवला. पाटाले ढोल नसते, माय.” मग तो हसला. “दुसरं इचारलं तं दुसरं सांगीन. मले काय लपवाचं हाय?”

संध्याकाळी हे आले तेव्हा मी आनंदानं धावतच गेले. “अहो, डोबी तलांडी आला होता. आपल्याकडं जेवून गेला आणि म्हणाला—”

“थांब.” ह्यांनी हात वर केला. चेहरा एकदम उतरला होता. “आपल्याकडं जेवला?”

“मला नाव माहीत नव्हतं. पण ऐका तर, त्यानं—”

“एक अक्षर सांगू नकोस. आता त्याच्या तोंडून जे काही मी काढीन, ते तुझ्या भातानं काढलं असंच होईल. आणि मला माहीत असलं तर मी ते वापरल्याशिवाय राहणार नाही. तू मला ओळखतेस. म्हणून सांगू नकोस.”

“अहो, पण राजक्काचं—”

“मी सांगितलं ना!”

ह्यांचा आवाज मी तेवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. राजक्का चुलीपाशी होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा लाकडं सारू लागली. त्या संध्याकाळी तालीम झाली नाही.

सकाळी कोर्ट बसलं तसे हे उभे राहिले आणि स्वतःहून सगळं सांगितलं. समोरचा साक्षीदार काल माझ्या घरी जेवला, मी तिथं नव्हतो, माझ्या पत्नीनं अजाणता वाढलं. त्यामुळं मी ह्या साक्षीदाराची उलटतपासणी घेणार नाही.

मामीडवार गोरेपान, शांत गृहस्थ होते. त्यांनी उपरणं सारखं केलं. “वैरागडकरांच्या शब्दावर माझा विश्वास आहे, साहेब. पण साक्षीदाराला काय पढवलं गेलं हे वहिनींनाच ठाऊक. त्यांनी सांगावं.”

साहेब जरा घुटमळले आणि म्हणाले, “बाईंना बोलवा.”

मी इतके साक्षीदार झाले होते, पण मीच म्हणून कधी उभी राहिले नव्हते. सतरंजीवर उभी राहिले. डाव्या हाताला राजक्का पक्षकारांत बसली होती. हे खाली कागदांत बघत होते.

“नाव?”

“भागीरथी त्र्यंबक वैरागडकर.”

“वय?”

“माहीत नाही.”

साहेब हसले. मामीडवारांनी प्रश्न सुरू केले.

“डोबी तलांडीला तुम्ही जेवू घातलंत?”

“हो.”

“तो कोण हे वाढण्याआधी माहीत होतं?”

“नाही.”

“यजमानांनी वाढायला सांगितलं होतं?”

“नाही.”

“कोर्टात काय बोलायचं हे तुम्ही त्याला सांगितलंत?”

“नाही.”

“काही दिलंत? कपडा, भांडं, काही?”

“भात, अंबाडी, चटणी.”

आमराईत हशा पिकला. मामीडवारही हसले आणि बसले. माझं प्रत्येक उत्तर नेमकं, तेवढ्यास तेवढं गेलं होतं. पुढचं मला धड आठवत नाही. कारकुनानं काहीतरी भरभर वाचून दाखवलं, अंगठ्याला शाई लागली, आणि मी खाली येऊन बसले. खोटं कशाला सांगू, मला थोडा अभिमान वाटत होता.

मग डोबी उभा राहिला.

“पोचम आणि राजक्काच्या लग्नात ढोल वाजवलास?”

“नाई.”

“ढोल वाजवायला कुणी बोलावलं होतं?”

“नाई.”

मामीडवार बसले. साहेबांनी ह्यांच्याकडं बघितलं. डोबीनंही बघितलं. तो वाट बघत उभा होता, पुढच्या प्रश्नासाठी तोंड अर्धवट उघडं ठेवून. मी पदराची गाठ मुठीत धरली होती. विचारा, विचारा, असं मनात म्हणत होते.

“प्रश्न नाही,” हे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. पाट शाबीत होत नाही. शेत मल्लयाचं.

नदी उतरताना डोंग्यात मी ह्यांना सगळं सांगितलं. अंबाडी, पत्रावळी, मल्लयानं तीनदा मागून घेतलेली भाजी. राजक्का पलीकडच्या टोकाला शरयूला मांडीवर घेऊन बसली होती. जायला जागा नाही म्हणून आम्ही तिला बरोबर घेतलं होतं. तिला ऐकू जात होतं, आणि जावं असंच मला वाटत होतं.

हे पाण्याकडं बघत म्हणाले,

“हे कोर्टात का नाही सांगितलंस?”

मला रडू फुटलं. “तुम्हीच शिकवलंत ना!”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग राजक्काकडं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बरोबर आहे. तुला कुणी विचारलंच नाही. तुझा काही दोष नाही.”

अपिलाकरता त्यांनी साक्षीच्या नकला मागवल्या. घरात आलेला प्रत्येक कोर्टाचा कागद ते मोठ्यानं वाचत, भिंतींनाही कलमं पाठ झाली असतील. माझ्या साक्षीची नक्कल आली ती मात्र त्यांनी खिडकीत उभं राहून मनातच वाचली. घडी केली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. मी विचारलं, “काय लिहिलंय माझं?” म्हणाले, “बोललीस तेच.” अपील चांद्याला फेटाळलं गेलं.

राजक्का अकरा हिवाळे आमच्याबरोबर छकड्यात फिरली. सैपाक तीच करी. चुलीपाशी नवा माणूस आला की नाव विचारायचं कामही तिनंच घेतलं. कुणी त्या खटल्याची गोष्ट काढली की हे म्हणत, “आमच्या बाईंना कुणी विचारलंच नाही हो.” मीही तेच सांगू लागले. राजक्का ऐके आणि लाकूड पुढं सारी. ह्यांनी त्यानंतर साक्षीची तालीम माझ्याबरोबर कधी केली नाही. मी एकदोनदा पळी हातात घेऊन आपण होऊन म्हणाले, “विचारा ना, आज कोण होऊ?” ते म्हणाले, “आज नको, दमलोय.” पुढं भाचीला मूल झालं तेव्हा तिच्या मदतीला म्हणून राजक्का मुरपल्लीला परत गेली.

हे गेले तेव्हा मी छप्पन वर्षांची होते, वयाचा दाखला नंतर शरयूनं काढला त्यावरून. शरयू बल्लारपूरला शाळेत शिकवत होती, मला तिच्याकडं घेऊन गेली. दुपारच्या वेळी काय करायचं म्हणून तिनं पाटी पुढं ठेवली. अक्षरं मला माणसांसारखी लक्षात राहिली. ‘ढ’ पोट सुटलेला, ‘ळ’ भांडखोर. दीड वर्षात वर्तमानपत्र वाचू लागले, मोठ्यानं, ह्यांच्यासारखं.

मग ट्रंक उघडली.

नक्कल तळाशीच होती. कारकुनाचं अक्षर वाकडं, एकेक ओळ लावायला वेळ लागला. नाव बरोबर. वय माहीत नाही. भात, अंबाडी, चटणी. मला हसू आलं. पुढं दोनच ओळी होत्या. खाली माझा अंगठा.

‘आणखी काही सांगावयाचे आहे काय, असे साहेबांनी विचारता साक्षीदार “नाही” म्हणते. वाचून दाखविले, बरोबर आहे.’

मी ते तीनदा वाचलं. मग शरयूला हाक मारून तिच्याकडून वाचून घेतलं. तिनंही तेच वाचलं. वाचून संपल्यावर ती माझ्याकडं बघत राहिली. त्या ‘नाही’त तिचाही सूर होता, हे तिला आठवलं असावं.

चौथ्या दिवशी मी मोटारीनं मुरपल्लीला गेले. आता नदीवर पूल झाला आहे. राजक्का भाचीच्या अंगणात बसली होती, केस पार पांढरे. डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण माझा आवाज तिनं लगेच ओळखला. मी तिच्यासमोर बसले आणि कागद उघडून वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून अंगठ्यापर्यंत.

“राजक्का, मला विचारलं होतं गं,” मी म्हणाले. “साहेबांनी विचारलं होतं. मीच नाही म्हटलं.”

“मले मालूम हाय,” ती म्हणाली.

“काय मालूम?”

“मी तिथंच तं बसली होती, बाई. सायेबानं इचारलं, तुमी वकीलसायबाकडं पायलं, अन् नाई म्हनून उतरल्या. मी माह्या कानानं आयकलं.”

“अकरा वर्षं माझ्या चुलीपाशी होतीस. आम्ही सगळ्यांना सांगत होतो, कुणी विचारलंच नाही म्हणून. तू काहून नाही बोललीस कधी?”

तिनं चाचपडत पातेली जवळ ओढली, झाकण काढलं. अंबाडी होती, कण्या घातलेली.

“मले कोनं इचारलं?” ती म्हणाली, आणि माझ्यापुढं पान मांडलं.